मेंदूवाले आणि मण्यार

जामसरला मेंदू संशोधन केंद्र नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर उगाच कुणी जव्हारच्या स्टँडवर उतरून पत्ता विचारत बसायचं. जामसरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, ग्रामपंचायत आहे आणि पाऊस लागला की आधी वीज, मग मोबाइलची रेंज आणि शेवटी वर्तमानपत्र या क्रमानं नाहीशी होणारी आधुनिकता आहे. मेंदू आहेत. माणशी एक, सरकारी शिधापत्रिका नसली तरी मिळालेला. त्यावर संशोधन करायला मात्र अजून कुणी निधी मंजूर केलेला नाही.

तरीही या विषयावर लिहायचा मला अधिकार आहे, कारण माझी भाची मुंबईतल्या एका मेंदू संशोधन संस्थेत काम करते. संस्थेचं नाव विचारू नका, पोरीची नोकरी अजून कायम व्हायची आहे. मे महिन्यात ती चार दिवस विश्रांतीला म्हणून आमच्याकडे आली आणि पहिल्याच संध्याकाळी ओसरीवर लॅपटॉप उघडून बसली. पडद्यावर मथळा होता : ‘आंतरविद्याशाखीय संवादाच्या संवर्धनासाठी कृती आराखडा (मसुदा ७)’.

“हे काय गं?”

“अरे मामा, आमच्याकडचे लोक एकमेकांशी बोलत नाहीत. ते बोलावेत म्हणून समिती नेमलीय. मी सगळ्यांत लहान, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे.”

“भांडणं झालीत का?”

“छे! भांडायला आधी ओळख तरी लागते.”

मग तिनं मला संस्थेची रचना समजावून सांगितली. तळमजल्यावर स्कॅनवाले. ते जिवंत माणसाला नळकांड्यात झोपवतात आणि त्याच्या मेंदूचे रंगीत फोटो काढतात. पहिल्या मजल्यावर माशीवाले, दुसऱ्यावर इलेक्ट्रोडवाले, तिसऱ्यावर उंदीरवाले. माझी भाची यांच्यातली. चौथ्यावर गणितवाले, त्यांनी मेंदू कधी पाहिलेला नाही आणि पाहायची इच्छाही नाही, कारण तो ओला असतो. यातल्या बहुतेकांचा विषय एकच, स्मरणशक्ती. म्हणजे आपल्याला काल काय झालं ते आठवतं कसं, आणि चष्मा कुठे ठेवला ते आठवत का नाही. पण माशीवाल्यांच्या मते आठवण हे एक रसायन आहे, इलेक्ट्रोडवाल्यांच्या मते ती एक ठिणगी आहे, स्कॅनवाल्यांच्या मते तो एक लाल ठिपका आहे आणि गणितवाल्यांच्या मते ते एक समीकरण आहे, ज्यात बाकीच्यांनी लुडबुड करू नये. जमीन एकच, पण पाच भावांच्या नावे पाच सातबारे आणि बांधावरून कुणीच बोलत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलानं दोन वर्षं खपून एक प्रोग्रॅम लिहिला. मेंदूतल्या पेशींचे संकेत वेगळे करून दाखवणारा. तस्साच प्रोग्रॅम चौथ्या मजल्यावर आधीपासून तयार होता. हे उघडकीला आलं एका कारकुनाच्या निवृत्तीच्या समारंभात, समोशाच्या रांगेत. तो कारकून चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाला, आणि संस्थेतला सर्वांत यशस्वी आंतरविद्याशाखीय कार्यक्रम त्याच्या नावावर जमा झाला. समितीच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी यावरून असा निष्कर्ष काढला की निवृत्ती समारंभांची संख्या वाढवावी.

समितीनं याआधी काहीच केलं नव्हतं असं नाही. मागच्या हिवाळ्यात सगळ्यांना डोंगरावरच्या एका रिसॉर्टवर नेलं होतं. असल्या सहलीला ‘रिट्रीट’ म्हणतात. सहल म्हटलं तर बिल पास होत नाही. पहिल्या दिवशी ओळखीचे खेळ. प्रत्येकानं स्वतःबद्दल दोन खऱ्या गोष्टी आणि एक खोटी सांगायची, बाकीच्यांनी खोटी ओळखायची. एक मोठे प्राध्यापक उठले आणि म्हणाले, “मला गाता येतं, मी एकदा हिमालयात हरवलो होतो आणि मला इतरांबरोबर काम करायला आवडतं.” सभागृहानं खोटी गोष्ट एकमुखानं ओळखली. रिट्रीटमधलं ते एकमेव एकमत.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं तीन मिनिटांत आपलं काम सांगायचं होतं, कुठलाही अवघड शब्द न वापरता. गणितवाल्यांच्या प्रमुखांनी सुरुवात केली, “अगदी सोपं करून सांगतो. समजा, मेंदू म्हणजे एक अनंत लांबीची रेघ आहे.” जेवायला चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं. वरण वाढेपर्यंत सगळे चिठ्ठीप्रमाणे बसले होते; गुलाबजाम येईपर्यंत उंदीरवाले उंदीरवाल्यांत आणि माशीवाले माशीवाल्यांत. भाची म्हणते, कोपऱ्यात एकट्याच फोन बघत उभ्या असलेल्या बाईंचा संशोधनाचा विषय होता ‘उंदरांमधील सामाजिक सलगी’. शेवटी सामूहिक फोटो, आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. त्या ग्रुपवर आता दिवाळीच्या शुभेच्छा आणि “तळमजल्याचा फ्रीजर कुणी उघडा ठेवला?” एवढाच शास्त्रीय व्यवहार चालतो.

“खरी अडचण काय आहे, सांगू का मामा?” भाची म्हणाली. “दुसऱ्याच्या विषयातलं काही विचारायचं म्हणजे आपल्याला ते येत नाही हे चार लोकांत कबूल करावं लागतं. सेमिनारमध्ये मी हात वर करणार तेवढ्यात वाटतं, हे बहुतेक अकरावीच्या पुस्तकात असेल. मग मी मान डोलावते. शेजारचाही डोलावतो. शंभर माणसं माना डोलावतात आणि वक्ता समजतो, व्वा!”

हे मला पटलं. मी उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत घालवली आहे. न समजता डोलणारी मान मी वर्गाच्या दारातून ओळखतो. फक्त ती मोठेपणी पगारी होते हे माहीत नव्हतं.

आता भाचीची पिढी समजते की हा प्रश्न त्यांच्याच काळात निघाला. म्हणून मी तिला तिच्याच शहरातली एक जुनी हकिगत ऐकवली. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था होमी भाभांनी १९४५ मध्ये सुरू केली. आधी बंगळूर, मग पेडर रोडवरचा केनिलवर्थ बंगला, मग गेटवेजवळची यॉट क्लबची जुनी इमारत. समुद्राकाठच्या आजच्या वास्तूचं उद्घाटन पंडित नेहरूंनी जानेवारी १९६२ मध्ये केलं. भाभा स्वतः विश्वकिरणांचे अभ्यासक, पण चित्रं काढायचे आणि पाश्चात्त्य संगीतात रमायचे. संस्थेच्या भिंतींवर त्यांनी हुसेनपासून अनेकांची चित्रं लावली. भौतिकशास्त्रज्ञाला जेवायला जाताना हुसेन लागतो, हा आंतरविद्याशाखीय संवादच म्हणायचा. फक्त त्यात एक पक्ष गप्प असतो, त्यामुळे तो टिकला.

याच संस्थेत गणिताच्या विभागात दामोदर धर्मानंद कोसंबी होते. जन्म गोव्याचा, १९०७ चा. बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव. राहायचे पुण्याला, कामाला मुंबईला. रोजची डेक्कन क्वीन. हा माणूस म्हणजे आमच्या भाचीची सगळी समिती एका कोटात कोंबलेली. गणितात संशोधन. प्राचीन नाणी तराजूत घालून, झिजेवरून त्यांचा काळ काढायचं शास्त्र. भर्तृहरीच्या शतकांची पाठचिकित्सा. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर दगडी हत्यारं वेचणं, म्हसोबा-वेताळाच्या ठाण्यांवर जाऊन गावकऱ्यांशी बोलणं, आणि भारताचा प्राचीन इतिहास नव्यानं मांडणं. मध्येच सवड काढून १९४० च्या दशकात त्यांनी जनुकांची गुणसूत्रावरची अंतरं काढण्याचं एक सूत्र दिलं. ‘कोसंबी फंक्शन’ या नावानं गव्हा-भातावर काम करणारे लोक ते आजही वापरतात. त्यांतल्या निम्म्यांना हे कोसंबी म्हणजे ते इतिहासवाले कोसंबी, याची कल्पना नसते, आणि इतिहासवाल्यांना गव्हाची नसते.

एवढा संवाद एकाच डोक्यात चालू असल्यामुळे असेल, बाहेरच्यांशी त्यांचं फार जमलं नाही. १९६२ मध्ये संस्थेनं त्यांचा करार पुढे वाढवला नाही. आणि गंमत पाहा, त्याच १९६२ मध्ये त्याच संस्थेत जनुकांच्या अदलाबदलीवर काम केलेला एक तरुण रुजू झाला. म्हणजे जनुकांमधली अंतरं मोजायचं सूत्र ज्यानं दिलं तो एका दारानं बाहेर पडतोय आणि ते सूत्र ज्याला कळेल तो दुसऱ्या दारानं आत येतोय. समिती असती तर तिनं दोघांना गळ्यात नावाची पट्टी अडकवून समोरासमोर बसवलं असतं. पण तेव्हा समिती नव्हती, नुसती माणसं होती.

तो तरुण म्हणजे ओबेद सिद्दिकी. त्यांची गोष्ट मला फार आवडते, कारण ती गारपिटीनं सुरू होते. अलिगढला शिकलेले, दिल्लीत गव्हावर प्रयोग करत होते. उभ्या पिकावर गारा पडल्या, प्रयोग झोपला. आमच्या तालुक्यात पीक गेलं की माणूस दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो. सिद्दिकी ग्लासगोला गेले. तिथे पोन्तेकोर्वो यांच्याकडे बुरशीच्या जनुकांवर डॉक्टरेट केली, मग अमेरिकेत जिवाणूंवर काम. त्यांचं नाव भाभांना सुचवलं लिओ झिलार्ड यांनी. झिलार्ड कोण? तर अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना ज्यांना १९३३ मध्ये लंडनचा रस्ता ओलांडताना सुचली ते भौतिकशास्त्रज्ञ, जे बॉम्ब झाल्यावर जीवशास्त्राकडे वळले. म्हणजे मुंबईतल्या या संस्थेत जीवशास्त्राचा पाया कसा पडला? एका अणुवाल्यानं दुसऱ्या अणुवाल्याला एका गव्हावाल्याचं नाव सांगितलं.

पुढे सिद्दिकी काही काळ कॅलिफोर्नियाला सीमोर बेंझर यांच्याकडे गेले. हे बेंझर मूळचे जर्मेनियमच्या विद्युत गुणांवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. तिथून विषाणूंकडे गेले, आणि विषाणूंचा कंटाळा आल्यावर माश्यांकडे. दोघांनी मिळून फळमाशीचे असे वाण तपासले की जे ऊब वाढली की लुळे पडतात आणि गार झाल्यावर पुन्हा हलू लागतात. १९७६ चा त्यांचा तो निबंध प्रसिद्ध आहे. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता कुठल्याही कार्यालयात गेलं तर हा परिणाम माणसांत उघड्या डोळ्यांनी दिसतो, पण तो माशीत आला की त्यातून मज्जातंतूंचा संदेश कुठे अडतो ते शोधता येतं. मग मुंबईत परतल्यावर सिद्दिकी माशीच्या वासाकडे आणि चवीकडे वळले. सोबतीला वेरोनिका रॉड्रिग्ज. गोव्याचं घराणं, वाढल्या केनियात, शिकल्या डब्लिनला, आणि सिद्दिकींचं काम वाचून त्यांना पत्र लिहून थेट मुंबईत आल्या. माशीच्या पायाला साखरेचं पाणी लावलं की ती सोंड बाहेर काढते. क्विनाइन मिसळलं की आत घेते. ज्या माशीला हा फरक कळत नाही तिच्यात कुठलं जनुक बिघडलंय ते हुडकायचं. एवढ्याशा सोंडेवरून त्यांनी वास-चवीच्या मेंदूविज्ञानाची एक अख्खी शाखा भारतात रुजवली.

यातल्या कुणाचंही ‘आपल्या विषयात’ फार दिवस बसणं झालं नाही हे लक्षात घ्या. आणि दर वेळी नव्या विषयात पहिला प्रश्न अडाण्यासारखाच विचारावा लागला असणार. चाळिशी उलटलेल्या भौतिकशास्त्रज्ञानं ‘माशी नर की मादी हे कसं ओळखायचं बुवा?’ असं विद्यार्थ्याला विचारायचं, याला जे लागतं ते रिट्रीटमध्ये वाटता येत नाही.

“पण हे सगळं जुनं झालं,” भाची म्हणाली. आजचंही होतं तिच्याकडे. त्याच टाटा संस्थेत विदिता वैद्य मेंदूवर काम करत होत्या आणि उल्लास कोल्थुर पेशींच्या चयापचयावर. एकीचा विषय मनाची उदासी, दुसऱ्याचा पेशीची भट्टी. दोन्ही गट एकत्र आले आणि २०१९ मध्ये त्यांनी दाखवलं की सिरोटोनिन, ज्याला आपण मनाच्या प्रसन्नतेशी जोडतो तेच, मेंदूच्या पेशींमधले ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढवतं. दोघं तेव्हा एकाच विभागातले. भाचीनं उसासा टाकला. “एका मजल्यावर असतील रे.”

जिना ही चीज शास्त्राला फार महागात पडते हे जगानं ओळखलं आहे. केंब्रिजला मॅक्स पेरुत्झ यांची रेण्वीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा १९६२ मध्येच नव्या इमारतीत गेली. (हे साल एकूणच भानगडीचं दिसतं.) पेरुत्झ यांनी तिथे कॅन्टीनचा आग्रह धरला आणि त्यांच्या पत्नी गिझेला यांनी ते वर्षानुवर्षं चालवलं. सकाळची कॉफी, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, सगळ्यांना एकाच खोलीत. त्या प्रयोगशाळेच्या नोबेल पारितोषिकांची यादी लोक तोंडपाठ म्हणतात. चहाच्या हिशेबाची वही कुणी जपून ठेवली असती तर संशोधन धोरणाला जास्त उपयोग झाला असता. कुलाब्यालाही बुधवारी सगळ्या विभागांसाठी एक व्याख्यान असतं, आणि त्याआधी चहा. व्याख्यान सगळ्यांना कळतंच असं नाही. चहा कळतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाचीला घेऊन नाक्यावर चहाला गेलो. टपरीच्या बाकड्यावर नेहमीचे होते. रुग्णवाहिकेचा चालक, किराणावाले शेठ, दोन शेतकरी आणि एक निवृत्त ग्रामसेवक, जे कुठल्याही विषयावर आधी ‘तसा जीआर आहे’ म्हणतात. मुंबईहून आलेली शिकलेली पोर म्हटल्यावर चौकशी झालीच.

“ताई, मेंदूचं नेमकं काय बघता तुम्ही?”

भाचीला तिची तीन मिनिटांची पाठ केलेली माहिती आठवली, पण ती इंग्रजीत होती. मग तिनं आधी पहिल्या मजल्यावरच्या माश्यांचं सांगितलं. फळमाशी, ती पिकल्या केळ्यावर बसते ती, तिला वास कसा कळतो.

“चिलटं होय!” एक म्हातारबाबा खुलले. “ती ताडीवर येतात. पण ताज्या नीरेवर कमी. दुपार झाली, आंबली, की मडक्यावर ढग.”

“आणि मडकं फडक्यानं बांधलं तर?” भाची.

“तरी येतात. फडक्यावर बसतात. आशेनं.”

भाचीनं वही काढली. मला वाटलं, पाहुणचार म्हणून लिहिते आहे. पण तिनं मडक्याचं तोंड केवढं, फडकं ओलं की कोरडं, ढग वाऱ्याच्या कुठल्या बाजूनं येतो, असं सगळं विचारून घेतलं. ग्रामसेवक म्हणाले, ताडीबाबत जीआर आहे. तो भाग तिनं लिहिला नाही.

“आणि तुमचं स्वतःचं काय?” चालकानं विचारलं.

तेव्हा तिनं सांगितलं की ती मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात त्या जागेवर काम करते. मेंदूनं हुकूम सोडला तरी तो तिथून स्नायूत उतरावा लागतो; तंतूच्या टोकाला एक रसायन सुटतं आणि स्नायूवरच्या कुलपात किल्लीसारखं बसतं. ती कुलपं सूक्ष्मदर्शकाखाली दिसावीत म्हणून त्यांना चिकटणारं एक चमकणारं द्रव्य वापरतात. चिमूटभर येतं, लाखमोलाचं असतं, फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं.

“कशाचं असतं?”

“सापाचं विष असतं. तैवानकडच्या एका मण्यारीचं.”

बाकडं गप्प झालं. मण्यार म्हटल्यावर आमच्याकडे थट्टा थांबते.

मग चालक बोलला. पावसाळ्यात कशी रात्र येते ते सांगितलं. माणूस जमिनीवर झोपलेला असतो. चावल्याचं कळतच नाही. ना सूज, ना खूण. पहाटे पोटात दुखतं, घरचे म्हणतात, काही बाधलं असेल. मग पापण्या जड होतात. मग घोट गिळत नाही. दवाखान्यात डॉक्टर आधी कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं नुसतं ठेवतात. घोणस असेल तर रक्त गोठत नाही, मण्यारीत गोठतं. ती वीस मिनिटं व्हरांड्यातले सगळे त्या नळीकडे बघत असतात, नातेवाईक, आशाताई, साप बरणीत भरून आणलेला पोरगा, आणि आधी ज्याच्याकडे नेलं होतं तो भगतही. प्रतिविषाच्या आठ-दहा कुप्या सलाइनमधून जातात. श्वास मंदावला तर तोंडावर मास्क लावून रबरी फुगा दाबत मोठ्या रुग्णालयापर्यंत जायचं. रस्ता आपला असा. दाबणाऱ्याचा हात भरून आला की दुसरा घेतो. भाऊ, मदतनीस, कधी शेजारी. “लय मोठं शास्त्र नाही ताई, आपण श्वास घेतो तेव्हा दाबायचं.”

“आणि एक सांगू? घरचे रडतात, गेला गेला म्हणतात. पण तो गेलेला नसतो. त्याला सगळं ऐकू येत असतं. बरा झाल्यावर एकानं मला सांगितलं, तू गाडीत काय शिव्या देत होतास ते मी सगळं ऐकलं. म्हणजे बघा, मेंदू चालू असतो. वायर तुटलेली.”

भाची त्याच्याकडे बघतच राहिली. ज्या द्रव्याची ती कुपी उघडते ते १९६३ मध्ये तैवानच्या दोन औषधशास्त्रज्ञांनी वेगळं केलं. १९७० मध्ये पॅरिसच्या शांजो यांनी विजेच्या ईल माशाच्या अवयवावर ते वापरून, मेंदूचा हुकूम स्वीकारणारं ते कुलूप प्रथमच हाती लागेल असं पकडलं. साप एका देशाचा, मासा दुसऱ्या खंडातला, शास्त्रज्ञ तिसरीकडचे. हे तिला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं. पण ज्याच्या कुलपात ही किल्ली अडकते तो माणूस गाडीत शिव्या ऐकत पडलेला असतो, हे चौथ्या मजल्यासकट तिच्या इमारतीत कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिनं त्याला विचारलं, आधी काय जातं, पापणी की मान? आवाज कधी घोगरा होतो? परत येताना आधी काय येतं? तो सांगत होता, आणि मध्येच त्यानंही विचारलं, “मग प्रतिविष दिल्यावर तुमचं ते कुलूप लगेच का उघडत नाही?” त्यावर तिनं खुशाल सांगितलं की आपल्याकडची मण्यार कुलूप तर अडवतेच, शिवाय तंतूचं टोकच खराब करते, ते नव्यानं उगवायला दिवस लागतात, त्यात अमुक एक गोष्ट मलाही नीट माहीत नाही, विचारून सांगते. सेमिनारमध्ये मान डोलावणारी पोर हीच का, असं मला वाटून गेलं.

आमच्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना मेंदू संशोधन केंद्र म्हणायची पद्धत नाही, पण महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर काय करत होते? बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात सत्तरच्या दशकात लाल विंचवाचे रुग्ण यायचे आणि मरायचे. विंचवाचं विष मज्जातंतूंना पेटवतं आणि मार बसतो हृदयाला. म्हणजे तक्रार एका खात्याची आणि बिल दुसऱ्या खात्यावर. बावस्कर खाटेशेजारी बसून तासातासाला नोंदी करत राहिले, आणि शेवटी उपयोगी पडलं ते प्राझोसिन, रक्तदाबाचं औषध. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात महाडचं नाव गेलं ते असं. त्या केंद्रात मज्जातज्ज्ञही नव्हता आणि हृदयरोगतज्ज्ञही नव्हता, त्यामुळे त्यांच्यात संवादाचा प्रश्न आला नाही. हेच बावस्कर पुढे आमच्या पालघर जिल्ह्यात डहाणूच्या सर्पदंशाच्या अभ्यासातही होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात संशोधकांनी डॉक्टरांइतकंच गावकऱ्यांना, भगतांना आणि सर्पमित्रांनाही विचारलं. भगताला विचारायला बसलं की त्याचं ऐकावंही लागतं, आणि ऐकून घेतलं की मग ‘पेशंट आधी दवाखान्यात पाठव’ हे त्याला सांगता येतं. उलट क्रमानं ते आजवर कुणाला जमलेलं नाही.

भाचीनं जाताना मसुदा ८ लिहिला. त्यात रिट्रीट नव्हतं, नावाच्या पट्ट्या नव्हत्या. मागण्या दोनच. सगळ्या इमारतीत चहा एकाच ठिकाणी मिळावा. आणि महिन्यातून एकदा प्रत्येकानं दुसऱ्या कुठल्यातरी मजल्यावर जाऊन असं काहीतरी मागावं जे त्याच्याकडे खरोखर नाही. मग ते रसायन असो, सूत्र असो की सापाबद्दलची माहिती. “नुसतं ‘बोला’ म्हटलं की कुणी बोलत नाही मामा. अडलं की बोलतात.” मी म्हटलं, ‘अडला हरी’ची म्हण घाल. ती म्हणाली, समितीत सगळे हरीच आहेत, चिडतील.

जूनमध्ये तिचा फोन आला. समितीनं प्रस्ताव मोठ्या कौतुकानं स्वीकारला होता. चहाचं महत्त्व सर्वांना पटलं होतं. फक्त चहासाठी शास्त्रज्ञांना जिने चढ-उतार करावे लागले तर कामाचे तास वाया जातील, असा मुद्दा वित्त अधिकाऱ्यांनी काढला. तेव्हा सर्वानुमते पाचही मजल्यांवर एकेक स्वतंत्र चहाचं यंत्र बसवण्यात आलं. उद्घाटन झालं, फीत कापली, ग्रुपवर फोटो आला.

चौथ्या मजल्यावरचं यंत्र पंधरा दिवसांतच बिघडलं. नुसतं गरम पाणी येतं. त्यामुळे गणितवाले सध्या तिसऱ्या मजल्यावर येतात, आणि पेला भरेपर्यंत उंदरांच्या पिंजऱ्यांकडे जरा भीतभीत बघत उभे राहतात. एकानं परवा विचारलं, हे चावतात का? तिथून बोलणं निघालं ते दीड तास चाललं. दुरुस्तीवाल्याला बोलवायचं काम माझ्या भाचीनं आपणहून अंगावर घेतलं आहे, आणि तो कसा सापडतच नाही याचा ती दर सोमवारी समितीला लेखी अहवाल देते.